किनाऱ्यावरचे जिल्हे (भाग 6) : चेन्नईचे दोन किनारे

2011 च्या जनगणनेत चेन्नई जिल्ह्याची लोकसंख्या 46,46,732 भरली. क्षेत्रफळ तेव्हा जेमतेम पावणेदोनशे चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरमागे साडेसव्वीस हजार माणसं. जिल्ह्यात एकही खेडं नाही. साक्षरता 90 टक्क्यांवर, आणि हजार पुरुषांमागे 989 स्त्रिया. मुंबई शहर जिल्ह्यात त्याच वर्षी हा आकडा 832 होता. मुंबईकडे पुरुष एकटे येतात नि कुटुंब गावी ठेवतात. चेन्नईत कुटुंबं नांदतात, हे या एका आकड्यावरून कळतं.

आणखी एक आकडा मात्र नीट वाचायला हवा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत चेन्नईची लोकसंख्या फक्त 7 टक्क्यांनी वाढली. त्याच काळात शेजारचा कांचीपुरम जिल्हा 39 टक्क्यांनी वाढला, तिरुवळ्ळूर 35 टक्क्यांनी. शहर वाढत होतंच, पण वेशीबाहेर. जागेचे भाव परवडेनात म्हणून काही जण बाहेर गेले, काहींना सरकारने उचलून बाहेर नेलं. 2011 मध्ये महापालिकेची हद्द 426 चौरस किलोमीटरवर गेली आणि 2018 मध्ये जिल्ह्याची हद्दही तिथवर नेली गेली.

गेल्या आठवड्यात आपण केनियातला मोम्बासा परगणा पाहिला. 2019 च्या गणनेनुसार लोकसंख्या 12 लाख, सगळा संसार बंदरावर, आणि पिण्याचं पाणी दूरच्या त्सावोमधल्या म्झिमा झऱ्यांवरून आणलेलं. चेन्नई त्याच्या कितीतरी पट मोठी. पण दोन्हीकडे मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारावीशी वाटते : बंदराची कमाई कोणाच्या दारी जाते आणि बंदराचा त्रास कोणाच्या?

चेन्नईत या प्रश्नाचं उत्तर वाळूत दिसतं. कोरोमंडल किनाऱ्यावर लाटांबरोबर वाळू वर्षभर सरकत असते, आणि एकूण हिशेबात ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत इंग्रजांनी मद्रासला समुद्रात भिंती घालून कृत्रिम बंदर बांधलं. त्या भिंतींनी वाळू अडवली. बंदराच्या दक्षिणेला ती साचत गेली आणि आज लाखो माणसं जिथे फिरायला जातात ती मरीनाची रुंद चौपाटी तयार झाली. उत्तरेला रायपुरम, तिरुवोट्टियूर, एन्नोर या पट्ट्याला मिळायची ती वाळू तुटली आणि समुद्र आत येऊ लागला. कोळ्यांच्या वस्त्यांना तिथे कुप्पम म्हणतात. उत्तरेकडच्या कित्येक कुप्पमांची नाव ओढायची, जाळी वाळवायची, मासळी सुकवायची जागा गेली. घरं वाचवायला सरकारने काठाला दगडांचे बांध घातले. पण दगडावर नाव ओढता येत नाही. वरळीच्या कोळ्यांनी सागरी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर वाढवून मिळावं म्हणून लढा का दिला, हे ज्यांना समजलं त्यांना तिरुवोट्टियूरचं दुखणं वेगळं सांगायला नको.

दक्षिणेला सचिवालय, विद्यापीठ, मैलापूर, अड्यार, पुढे माहिती तंत्रज्ञानाचा जुना महाबलिपुरम रस्ता. उत्तरेला गोदी, मणलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, खतांचे कारखाने, औष्णिक वीजकेंद्रं. शंभर वर्षांपूर्वी शहराची मजूर चळवळही उत्तरेतच उभी राहिली. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांनी एप्रिल 1918 मध्ये मद्रास लेबर युनियन स्थापन केली. ती देशातल्या पहिल्या संघटित कामगार संघटनांपैकी एक. गिरण्या गेल्या, धूर राहिला.

एन्नोरच्या खाडीत कोसस्तलैयार नदी समुद्राला मिळते. या खाडीवर कोळंबी धरणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे; बायका पाण्यात बसून हाताने चाचपून कोळंबी धरतात. वीजकेंद्रांची राख खाडीत उतरली, पात्र उथळ झालं. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणलीकडून तेल वाहत आलं आणि खाडीभर पसरलं. कोळी आपल्या होड्यांत बसून, हातात मग आणि बादल्या घेऊन, ते काळं तेल पाण्यावरून उपसत होते. जानेवारी 2017 मध्ये एन्नोरच्याच कामराजर बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं तेव्हाही किनाऱ्यावर बादल्याच होत्या. देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगपट्ट्यांपैकी एकाजवळ सांडलेलं तेल उचलायला दोन्ही वेळा सर्वांत आधी पोचलं ते ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांचे हात. मला ही गोष्ट कुठल्याही आकड्याहून जास्त टोचते.

मोटारींसाठी चेन्नईचं जे नाव आहे ते कारखाने बहुतांशी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, मरैमलै नगर या पट्ट्यात आहेत. ह्युंदाईच्या गाड्या 1998 पासून इरुंगाट्टुकोट्टैत बनतात. याच पट्ट्यातल्या मोबाइल जोडणीच्या कारखान्यांत तामिळनाडूच्या खेड्यापाड्यांतल्या तरुण मुली काम करतात आणि वसतिगृहांत राहतात. डिसेंबर 2021 मध्ये एका वसतिगृहात जेवणातून विषबाधा झाली तेव्हा या मुलींनी चेन्नई-बंगळूर महामार्ग रोखून धरला होता.

आता पाणी. इथे महाराष्ट्र थेट या जिल्ह्याच्या घरात शिरतो, आणि आपल्याकडे फार थोड्यांना ते ठाऊक आहे.

चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. दोन-अडीच महिन्यांत पडेल ते वर्षभर पुरवायचं. पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरमबाक्कम या चार जुन्या जलाशयांची मिळून साठवण 11 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चार धरणं भरली की 29 टीएमसी होतात, यावरून अंदाज यावा. म्हणून 1976 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या कृष्णेच्या तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी 5 टीएमसी पाणी मद्रासच्या तहानेसाठी द्यायचं कबूल केलं. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन वजा जाता 12 टीएमसी पोचावं असा हिशेब. श्रीशैलमच्या जलाशयातून पाणी वळवायचं, सोमशिला आणि कंडलेरू धरणांमधून पुढे न्यायचं आणि उघड्या कालव्याने पूंडीत सोडायचं, अशी ही तेलुगू गंगा योजना. पाणी पहिल्यांदा पोचलं ते 1996 मध्ये, करारानंतर वीस वर्षांनी. ठरलेलं पूर्ण पाणी बहुतेक वर्षी मिळालेलं नाही. तरीही महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नदीचा एक वाटा चेन्नईच्या हंड्यात पडतो, आणि हे देणं तीन राज्यांनी भांडण न करता मान्य केलं, याचं मला आजही मोल वाटतं. नदीच्या पाण्यावरून राज्यांनी वर्षानुवर्षं लवादापुढे उभं राहायचं, हे आपल्याला जास्त ओळखीचं आहे.

2019 च्या जूनमध्ये चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. महापालिकेच्या टँकरभोवती प्लास्टिकच्या रंगीत घागरींच्या रांगा लागल्या, कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं, हॉटेलांनी वेळा कमी केल्या. 12 जुलैला जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली रेल्वे विल्लीवाक्कमला आली : 50 वाघिणी, 25 लाख लिटर. आपल्याला हे चित्र नवं नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला अशीच रेल्वे गेली होती. आणि चार वर्षंही लोटली नव्हती, 1 डिसेंबर 2015 च्या रात्री याच चेन्नईत अड्यार नदीने हजारो घरं बुडवली होती. पाऊस कमी पडतो असं म्हणावं तर पडतो 1,400 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मराठवाड्याच्या जवळपास दुप्पट. तळी बुजली, पाणथळ जागांवर इमारती उठल्या, पाण्याला थांबायला जागा उरली नाही. मिंजूर आणि नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचे प्रकल्प चालतात, त्यांचा आधार मोठा आहे. पण त्या पाण्याला वीज लागते आणि वीजकेंद्रांची राख परत एन्नोरलाच उतरते.

कृष्णेच्या या गोष्टीला दुसरी बाजू चेन्नईच्या सौकारपेटेत आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली, तशी चेन्नईतही स्थिरावली. दक्षिणेतलं सोनं शुद्ध करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर या मराठी हातांवर चालतं. सराफाकडून आलेली मोड, जुने दागिने, कारागिराच्या बैठकीखालून झाडून गोळा केलेला केरसुद्धा गलाईवाल्याकडे येतो. तो भट्टीत मूस ठेवून धातू वितळवतो, तेजाबात शिजवतो, चांदी आणि तांबं वेगळं करतो आणि शुद्ध सोनं परत देतो. तेजाब चढलं की तांबूस धूर उठतो. अरुंद गल्लीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तो धूर पंख्याने बाहेर ढकलायचा, आणि काम संपलं की कित्येकदा झोपायचं त्याच खोलीत. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा काकाच्या नाहीतर मामाच्या दुकानात शिकायला जातो, वर्षभरात तामिळ बोलू लागतो, आणि गावच्या जत्रेला चार दिवस परततो.

ही माणसं गावं सोडून गेली ती दुष्काळामुळे. कृष्णा यांच्याच जिल्ह्यातून वाहते, पण यांची शिवारं उंचावर. टेंभू योजनेने उपसलेलं पाणी तिथवर पोचायला नवं शतक उजाडावं लागलं. तोवर चेन्नईच्या कालव्यात कृष्णेचं पाणी पोचलं होतं. यात चेन्नईचा दोष नाही आणि 5 टीएमसी देण्यातही चूक झाली नाही. तहानलेल्या शहराला पाणी द्यायलाच हवं. पण खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या माणसाला त्याच्या शेतावर ते वेळेत मिळालं असतं तर तेजाबाच्या धुरात उमेदीची वर्षं घालवायची की नाही, हे त्याला स्वतःला ठरवता आलं असतं.

राहणीमानाचा विचार करताना मी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो घरांपाशी. 2011 मध्ये चेन्नईतले जवळपास 29 टक्के लोक झोपडवस्तीत राहत होते. तामिळनाडूने 1970 मध्ये, इतर राज्यांच्या आधी, झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन केलं. सुरुवातीची धोरणं शहाणपणाची होती : वस्ती जिथे आहे तिथेच तीन-चार मजली चाळी बांधायच्या. 2000 नंतर मात्र माणसं शहराबाहेर दक्षिणेला नेली जाऊ लागली. आधी कण्णगी नगर, मग सेम्मनचेरी, मग आठ मजली इमारतींचं पेरुंबाक्कम. कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठावरच्या वस्त्या पुराचा धोका म्हणून हलवल्या, आणि नेल्या कुठे, तर पळ्ळीकरणै पाणथळीच्या परिसरात, जिथे मोठ्या पावसात पुन्हा पाणी तुंबतं.

मैलापुरात चार घरची धुणीभांडी करणारी बाई पेरुंबाक्कमला गेली की पहाटेची पहिली बस पकडते. दोन कामं सुटतात, उरलेल्या दोन घरांच्या पगारात घर चालवावं लागतं. मुलांची शाळा मध्येच बदलते. नोकरी मागायला गेलेल्या पोराने कण्णगी नगरचा पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे तिथली मुलं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. मुंबईत आपण तानसा जलवाहिनीवरची माणसं माहुलच्या रिफायनऱ्यांशेजारी नेऊन ठेवली, तीच ही गत. पक्कं घर मिळालं म्हणून सरकारी तक्त्यात हे कुटुंब वर सरकतं. त्याची कमाई घटली, हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही.

या शहराचं एक मोठं श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं. गरिबाला उपाशी न ठेवण्याची इथली परंपरा पक्की आहे. 1920 मध्ये मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्सच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण सुरू केलं. 2013 पासून महापालिकेच्या अम्मा उणवगम या उपाहारगृहांत एक रुपयाला इडली मिळते आणि ती बचत गटांच्या बायका करतात. रेशनचा तांदूळ फुकट. 2021 पासून साध्या शहर बसमध्ये बायकांना तिकीट नाही, आणि पेरुंबाक्कमच्या बाईचे काहीशे रुपये त्यामुळे महिन्याला वाचतात. प्रवासात जाणारे तास मात्र परत मिळत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. कष्टकऱ्याचं घर त्याच्या कामाजवळच हवं, आणि एन्नोरच्या खाडीची साफसफाई तिथे नफा कमावणाऱ्यांकडून वसूल व्हायला हवी. येत्या 2027 च्या जनगणनेत वाढलेल्या हद्दीसह चेन्नई जिल्ह्याचे नवे आकडे येतील. ते आले की जिल्ह्याच्या सरासरीवर थांबू नका, तिरुवोट्टियूर आणि अड्यार या दोन विभागांचे आकडे शेजारी ठेवून वाचा.

चेन्नईत गलाईच्या व्यवसायात असलेल्या, किंवा तिथून गावी परतलेल्या वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत : कधी गेलात, कसे राहिलात, आज गावी पाणी आहे का. त्या पत्रांना पुढच्या भागात जागा राखून ठेवली आहे.