दत्तक मूल आणि त्याचें घर



दत्तकाचा विषय निघाला कीं आपल्यापुढें झांशीचे दामोदरराव उभे राहतात. १८५३ सालीं गंगाधररावांनीं त्यांना मांडीवर घेतलें, तें गादीला वारस हवा म्हणून. वंश, पिंड आणि मालमत्ता यांभोंवतींच हा जुना विधि फिरत असे. १९५६ च्या कायद्यानें हिंदु कुटुंबांस मुलगीहि दत्तक घेतां येऊं लागली. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें तर मुलाचें हित हीच मुख्य कसोटी मानली.

परंतु दत्तकाचा हुकूम झाला म्हणजे सर्व कार्य संपलें, हा समज घातक आहे. जिव्हाळा हुकुमानें उत्पन्न होत नाहीं. इंग्रज मनोवैद्य जॉन बोल्बी यांनीं १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत प्रतिपादिलें, कीं मायेच्या माणसाचा अखंड सहवास बालकाच्या मानसिक आरोग्यास अत्यावश्यक आहे. ज्याला सांभाळणारे हात वरचेवर बदलत गेले, असें मूल नव्या घरीं कधीं उशाखालीं पोळी लपवून ठेवतें, कधीं आईला क्षणभर सोडीत नाहीं, तर कधीं तिच्या जवळहि जात नाहीं. थोडें मोठें झालें म्हणजे "तुम्ही माझे कोण?" असेंहि विचारतें. हा कृतघ्नपणा नव्हे. हें घर तरी आपल्याला सोडणार नाहीं ना, याची तें खात्री करून घेत असतें. म्हणून "परत नेऊन पोंचवूं" ही धमकी थट्टेनेंहि देऊं नये. जेवणाच्या व निजण्याच्या वेळा ठराविक ठेवाव्या; आरंभींचे कांहीं महिने भरविणें, न्हाऊं घालणें हें आईबापांनीं स्वतःच करावें.

मूल घरीं आल्यापासून दोन वर्षें, दर सहा महिन्यांनीं संस्थेकडून विचारपूस व्हावी, असा २०२२ च्या नियमांत दंडक आहे. भेटीस येणाऱ्या समाजसेविकेला तपासनीस समजून सर्व कांहीं सुरळीत असल्याचें भासवूं नये. अडचण मोकळेपणीं सांगितली, तर संस्थेनें समुपदेशनाची सोय करून द्यावयाची असते. असा सल्ला घेण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं.

दत्तकाची हकीकत मुलाला शाळेंत जाण्यापूर्वींच गोष्टीच्या रूपानें, आईबापांच्याच तोंडून कळावी. तीच दहाव्या वर्षीं शेजाऱ्याकडून कळली, तर आपल्याच माणसांनीं आपल्याला फसविलें, हें शल्य त्याच्या मनांत राहतें. अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर आपल्या मूळाची माहिती मिळविण्यास तें स्वतः अर्ज करूं शकतें. त्या वेळीं त्याच्या पाठीशीं आईबाप उभे असले, तर तो शोध त्याला एकट्यानें करावा लागत नाहीं.

शेवटीं माझ्या शिक्षकबंधूंस एक विनंति. "जन्मल्या वेळचें छायाचित्र आणा," असा गृहपाठ दिला, तर ज्याच्यापाशीं तें नाहीं, त्या मुलानें काय करावें? "तुमच्या घरांतील माणसांविषयीं लिहा," एवढें सांगितलें, तरी पाठाचा हेतु साधतो; आणि त्या मुलालाहि लिहिण्यासारखें पुष्कळ असतें.