सांडपाण्यातले विरजण
डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कापडप्रक्रियेचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. कापडाच्या छपाईत युरिया वापरतात. सांडपाण्यात त्याचा अमोनिया होतो. तो तसाच खाडीत गेला तर मासे गुदमरतात आणि कोळ्यांची जाळी रिकामी येतात.

अमोनिया खाणारे जिवाणू मातीत असतातच. नायट्रोसोमोनास त्याचे नायट्राइट करतो, दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट. पुढे हवा बंद ठेवली की आणखी काही जिवाणू त्यातून निरुपद्रवी नायट्रोजन वायू मोकळा करतात.

‘जिवाणूंची पावडर टाकली की झाले ना?’ असे मला पुष्कळ जण विचारतात. मी म्हणतो, उकळत्या दुधात विरजण घालून दही लागते का? एक किलो अमोनिया-नायट्रोजनमागे या जिवाणूंना सुमारे ४.६ किलो प्राणवायू लागतो. त्यांच्या कामातून आम्ल तयार होते, म्हणून सोडा किंवा चुनाही द्यावा लागतो. शिवाय ते फार सावकाश वाढतात. सामुदायिक प्रक्रिया केंद्रात एखाद्याने रात्री गुपचूप तीव्र आम्ल सोडले, तर ही वस्ती मरते आणि पुन्हा बसायला कित्येक आठवडे जातात. तेवढे दिवस अमोनिया खाडीतच जातो. म्हणून जिवाणू विकत घेण्याआधी शेजारधर्म पाळायला हवा.