खोलल्याबिगर काय सांगायचं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टेम्पोच्या हौद्यातून गाडीचं इंजिन उतरलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती लागतील?" मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं, "खोलल्याबिगर काय सांगायचं, मालक?" मालकाला वाटतं, हा टाळतोय. पण या धंद्यात याहून सरळ उत्तर नाही. आहे तेच इंजिन बांधायचं, त्याच जातीचं दुसरं आणून बसवायचं, की इंजिनाची जातच बदलायची, हे तिन्ही रस्ते फुटतात ते इंजिन खोलल्यावर. बरेच मालक मात्र रस्ता ठरवूनच आलेले असतात. कुणाला शेजाऱ्याने सांगितलेलं असतं की बांधलेलं इंजिन टिकत नाही; कुणाच्या मेव्हण्याची कुर्ल्याच्या भंगार बाजारात ओळख असते.

उद्यमनगराला असे मालक नवे नाहीत. या वसाहतीची मुळंच दुरुस्तीत आहेत. विहिरींवरची आणि गुऱ्हाळांवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्रींनी सुटे भाग घडवायला घेतले, त्यातून लेथ वाढल्या, फाउंड्र्या उभ्या राहिल्या. वाहनांच्या कारखान्यांना कास्टिंग पुरवणारं कोल्हापूर नंतरचं. आधीचं कोल्हापूर म्हणजे बिघडलेलं इंजिन फळीवर मांडून त्याच्याकडे बघत बसलेला माणूस.

त्या माणसाचं सगळ्यात बोलकं हत्यार म्हणजे डायल बोअर गेज. लांब दांडा, खाली दोन टोकं, वर घड्याळासारखी तबकडी. आधी मायक्रोमीटरवर शून्य लावून घ्यायचं, मग दांडा सिलिंडरमध्ये सोडून हलकेच झुलवायचा. काटा मागे फिरून जिथे थबकतो ते माप. डोळ्याला सिलिंडर गोल दिसतो. गेजला तो बहुधा लांबट सापडतो. पिस्टन खाली येताना एका बाजूला रेटा देतो, तिथे धातू जास्त झिजतो. वरच्या टोकाला, पहिली रिंग जिथे उलटी फिरते तिथे, उष्णता सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी. म्हणून वरचा व्यास खालच्यापेक्षा मोठा होतो. त्याच्याही वर रिंग पोचत नाही तिथे न झिजलेली कड राहते, ती नखाला लागते. जाणता मिस्त्री गेज काढण्याआधी नखच फिरवतो. एका सिलिंडरची तीन उंचींवर, आडवी-उभी अशी सहा मापं. चार सिलिंडरची चोवीस. त्यानंतर क्रँकच्या जर्नलांची पाळी.

ही मापं हातात आली की निम्मा निर्णय झालेलाच असतो. झीज मर्यादेत असेल तर रिंगा बदलून आणि होनिंग करून भागतं. जास्त असेल तर बोअर वाढवायचा, पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी. इंची हिशेबात दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. क्रँक उलट दिशेने जातो : घासून बारीक करायचा आणि तेवढी जाड बेअरिंगं घालायची. इथे चांगलं दुकान ओळखायची एक खूण सांगता येते. तिथे मिस्त्री म्हणतो, "आधी पिस्टन आणा, मग बोअर मारू." डब्यावर 'वीस' लिहिलेलं असलं तरी तो पिस्टन स्वतः मोजतो आणि त्यात ठरलेली फट मिळवून मगच सिलिंडर कापतो. पिस्टन न बघता बोअर मारून ठेवणाऱ्या दुकानातून इंजिन परत उचलून आणलेलं बरं.

बांधायला सोपं आणि बदलायलाही मोहात पाडणारं वाहन म्हणजे जुनी जीप. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी वर्षानुवर्षं बनवली. बॉनेट उंच, कारण आत उंच इंजिन : 'हरिकेन', २१९९ सीसी पेट्रोल. याची इनलेट झडप हेडमध्ये आणि एक्झॉस्ट झडप ब्लॉकमध्ये. बोअर अवघा सव्वातीन इंचांच्या आत, ३.१२५ इंच, तो चाळीस थाऊ वाढवला तर इंजिन सुमारे २२५५ सीसीचं होतं. म्हणजे बांधलेल्या इंजिनाची ताकद घटतेच, हा समज निदान आकाराच्या हिशेबाने तरी खोटा. या ब्लॉकची खरी भीती वेगळी. एक्झॉस्ट झडपेची बैठक ब्लॉकमध्येच असल्याने तिथून सिलिंडरकडे तडा गेला, तर बोअरिंगचा सगळा खर्च पाण्यात. म्हणून तडा आधी बघायचा, पिस्टनचे भाव नंतर विचारायचे.

पेट्रोल महाग झालं तसं या हरिकेनच्या जागी डिझेल बसू लागलं. कुठे ट्रॅक्टरच्या कुळातलं 'इंटरनॅशनल', कुठे महिंद्रांच्या इगतपुरीच्या कारखान्यातलं 'पूजो'. पूजोच्या एक्सडीपी ४.९० या नावात त्याची कुंडली आहे : चार सिलिंडर, बोअर नव्वद मिलिमीटर. त्याचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या सुट्या नळ्या, पाण्यात उभे असतात. झिजले की उपसून नवे घालायचे, ब्लॉकला यंत्र लावायचं कामच नाही. ट्रॅक्टरच्या कुळाची खूण तर बोलेरोपर्यंत आली. तिच्या जुन्या २५२३ सीसी डिझेलचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. इंचात मोजा, बरोबर साडेतीन बाय चार.

पण जात बदलण्याचा खर्च इंजिनाच्या किमतीत दिसत नाही. डिझेल जड, म्हणून पुढचे पाटे बसतात. गिअरबॉक्सशी जुळवायला मधली प्लेट घडवावी लागते. ती केसभर तिरपी झाली तर क्लच आणि बेअरिंग खात राहते. रेडिएटर, माउंटिंग, स्टार्टर, सायलेन्सरची वाट, सगळं नवं. आणि सगळ्यात फसवा भाग शेवटी कळतो. पेट्रोल जीपच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणजे टॉप गिअरमध्येही चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे पाच-साडेपाच फेरे. हरिकेन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत जायचं. संथ डिझेल तेवढं फिरत नाही. मग चढावर झकास ओढणारी जीप सपाट हमरस्त्यावर साठ-सत्तरच्या पुढे नुसती ओरडते. क्राउन-पिनियन बदला, म्हणजे पुन्हा खर्च. अशी अदलाबदल हौसेने करावी, बचतीसाठी नाही.

इंजिन गेलं कशाने, हा प्रश्न मात्र तिन्ही रस्त्यांच्या आधी येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या इंजिनातलं पाणी आणि ऑइल काढून, वायरिंग वाळवून ते वाचवता येतं. पण मालकाने घाईने किल्ली फिरवली असेल तर गोष्ट वेगळी. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. ब्लॉकला भोक पडलं की बांधण्याची भाषा संपली. तिथे नवं हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन जुळवलेला संच, हाच शहाणा मार्ग. ऑइलअभावी क्रँकने धरलं असेल तर आणखी एक सावधगिरी : बेअरिंगचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि टर्बोच्या नळीत दडून बसतो. तो धुतला नाही तर नवं इंजिनही त्याच रोगाने जातं, आणि दोष बोअरिंगवाल्यावर येतो.

नव्या गाड्यांनी मिस्त्रीचा हिशेब थोडा बिघडवला आहे. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल रांजणगावात बनलं, मारुतीनेही परवान्यावर बनवलं. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते धावलं. त्यामुळे त्याचे भाग आणि जुनी इंजिनं मुबलक. पण ब्लॉक तोच असला तरी टर्बो, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळीकडे एक नाही. ७५ अश्वशक्तीच्या गाडीत ९० चं इंजिन बसतं, चालतंच असं नाही. भंगार बाजारातलं इंजिन घेणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचं दुखणं विकत आणणं. घ्यायचंच तर ऑइलचा चेंबर उतरवून, एक बेअरिंग कॅप काढून बघू देणाऱ्याकडूनच घ्यावं. "फिरतंय की, मालक" हा पुरावा नव्हे.

शिवाय त्या इंजिनावर एक नंबर असतो, आणि तो कुणाच्या तरी आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार बदलाला आरटीओची परवानगी लागते. न विचारता बदललं असेल तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. दहा किंवा अधिक परिवहन वाहनांच्या मालकाला मात्र राज्य सरकार अधिसूचनेने सवलत देऊ शकतं : त्याच मेकचं, त्याच जातीचं इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलायची. कारण व्यवहारी आहे. मोठ्या ताफ्यात बांधलेलं इंजिन स्टँडवर तयार ठेवतात. बसचं इंजिन उतरलं की ते चढतं आणि उतरलेलं सावकाश बांधलं जातं. गाडी थांबत नाही, मिस्त्रीलाही घाई होत नाही.

एकच गाडी असलेल्या मालकाकडे असं स्टँडवरचं इंजिन नसतं. त्याने मिस्त्रीकडून चोवीस मापांचा आणि क्रँकचा कागद लिहून घ्यावा, मगच पैशांचं बोलावं. देत नसेल तर इंजिन उचलून शेजारच्या दुकानात न्यावं. उद्यमनगरात ते फार लांब नसतं.