मुक्काम पोस्ट कंपू

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस पसरलेल्या लष्कर या शहरात हिंडताना मराठी माणसाला एक गोष्ट हटकून जाणवते, ती ही की येथील कित्येक मोहल्ल्यांची नावे वसलेल्या नगरीची नसून मजल दरमजल करीत निघालेल्या फौजेची आहेत. खुद्द 'लष्कर' हे नाव फौजेचे. त्याच्या पोटात शिंदे की छावणी, जिन्सी, निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ, आणि यांच्याच पंक्तीस बसणारे कंपू. यांतील 'गोठ' म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, 'शत्रूच्या गोटात' असे म्हणताना आपण योजतो तोच 'गोट', सरदाराच्या तळाचा वाचक, हिंदी जिभेवर रुळून किंचित जड झालेला. ज्या शब्दांचा मूळ अर्थच 'उद्या येथे नसणे' असा, त्या शब्दांनी दोनशे वर्षे मुलांचे जन्म, मुलींचे संसार आणि घरांचे दस्तऐवज नोंदले जावेत, ही घटना मला इतिहासाइतकीच मानवी मेंदूच्या शास्त्राचीही वाटते.

'कंपू' या शब्दाचा प्रवास तर विशेषच लांबचा आहे. लॅटिन भाषेत मैदानाला 'कांपुस' म्हणत; त्यापासून पोर्तुगीज 'कांपो' आणि इंग्रजी 'कँप' असे दोन्ही शब्द निपजले, व त्या घराण्यातून तो आपल्याकडे आला. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये डी बॉयन या सावॉयच्या सेनानीस चाकरीस ठेवून युरोपीय धर्तीच्या कवाइती पलटणी उभारावयास घेतल्या, आणि अशा पलटणींच्या समूहाला आपल्या दफ्तरांतून 'कंपू' म्हणण्याचा प्रघात पडला. पुढे दख्खनमध्ये मैदान व फौज दोन्ही गळून हा शब्द केवळ माणसांचा उरला. एकमेकांना धरून राहणाऱ्या टोळक्याला आपण आज कंपू म्हणतो. ग्वाल्हेरीत नेमके उलट झाले. तेथे फौज विरली, माणसे बदलली, आणि शब्द जमिनीला चिकटून राहिला.

दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास येथे स्थिरावला. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८०९ साली, हा तळ राजपुतान्यातून फिरत असताना इंग्रज रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी टॉमस ब्रॉटन त्याच्यासमवेत होता, आणि त्याने आपल्या भावास लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने छापली गेली. त्यांत तळ पडण्याच्या रीतीचे जे वर्णन आहे ते आजच्या मेंदूशास्त्रज्ञाने मुद्दाम वाचावे इतके मोलाचे आहे. कूच असेल त्या दिवशी बिनीवाला पुढे जाई आणि नव्या जागी पोहोचताच महाराजांचे डेरे जेथे उभे राहावयाचे तेथे एक लहानसे पांढरे निशाण रोवी. मग जसजसे बाजार येत तसतशी त्यांची निशाणे लागत, आणि ती नेहमी एकमेकांपासून त्याच दिशेला, त्याच क्रमाने. दुकानांच्या दोन समांतर ओळींमधून तीन-चार मैल लांबीचा एकच राजमार्ग तयार होई, मधोमध महाराजांची देवडी, तिच्यासमोर चौक, आणि डाव्या-उजव्या अंगाला सरदारांचे गोट. जमीन रोज नवी, पण शहर तेच! सायंकाळी परक्या माळावर उतरलेल्या बुणग्यालासुद्धा सराफ कोठे आणि आपला धनी कोठे हे कोणास विचारावे लागत नसे.

एकमेकांमधील नाते कायम ठेवून जमीन बदलण्याची ही युक्ती आपल्या डोक्यातच, कानांच्या पातळीवर खोल दडलेली आहे, हे कळावयास मात्र आणखी जवळजवळ दोन शतके जावी लागली. १९७१ मध्ये लंडनच्या जॉन ओकीफ यांनी जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांच्यासह असे दाखविले की उंदराच्या हिप्पोकॅम्पस नामक भागातील एखादी चेतापेशी उंदीर विवक्षित ठिकाणी आला म्हणजेच स्पंदू लागते, जणू त्या जागेची राखण तिच्याकडे सोपविलेली आहे. (हिप्पोकॅम्पस हे नाव ग्रीक पुराणातील अश्वमुखी जलचराचे, कंपूशी त्याचे नादसाम्य असले तरी नाते काहीएक नाही.) या स्थानपेशी खुणेला किती मानतात हेही पुढे दिसून आले: वर्तुळाकार पिंजऱ्याच्या भिंतीवरील एकुलता एक पांढरा पुठ्ठा नव्वद अंशांनी फिरविला की सगळ्या पेशींची स्थाने त्याच्यासमवेत तेवढीच फिरत. पुठ्ठ्याचे हे काम बिनीवाल्याच्या निशाणाहून वेगळे नव्हे. ओकीफ आणि नील बर्जेस यांनी १९९६ मध्ये पिंजरा एका अंगाने लांबविला, तेव्हा अनेक पेशींचे क्षेत्रही त्या अंगाने ताणले गेले.

नॉर्वेतील माय-ब्रिट व एडवर्ड मोझर या दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांसह २००५ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागात जालपेशी शोधून काढल्या. यांतील एकेक पेशी एका जागी नव्हे तर अनेक जागी स्पंदते, आणि त्या जागा जोडल्या असता जमिनीवर समभुज त्रिकोणांची जाळी उमटते. ओकीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक याच कार्यासाठी मिळाले. परंतु मला अधिक भुरळ पडते ती २००७ च्या प्रयोगाची: प्राणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला असता स्थानपेशींची मांडणी पार विस्कटते, काल ज्या पेशींची क्षेत्रे शेजारी होती त्यांची आज शेजारी राहत नाहीत, मात्र जवळजवळच्या जालपेशींची जाळी सरकली वा फिरली तरी त्यांची परस्पर-रचना अभंग राहते. जालपेशी हा मेंदूचा फिरता तळ होय, आणि स्थानपेशी ही त्या तळाखालची विशिष्ट भूमी, जिची ओळख प्रत्येक वेळी नव्याने करून घ्यावी लागते. दौलतरावांच्या फौजेपाशी पहिली विद्या पिढीजात होती. १८१० नंतर तिला दुसरी शिकावी लागली.

ती शिकणे म्हणजे काय, याचे उत्तर पेशी मोजून मिळत नाही. यी-फू तुआन या चीनमध्ये जन्मलेल्या अमेरिकी भूगोलज्ञांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात अवकाश आणि स्थान यांत भेद केला: अवकाश हालचालीला वाव देतो, आणि त्या हालचालीत जो विराम पडतो त्यातून स्थान निर्माण होते. मराठी माणसाला हे समजावयास फारसे सायास पडू नयेत, कारण अरबी-फारसीतून आलेल्या 'मुक्काम' या शब्दात थांबणे आणि ठिकाण हे दोन्ही अर्थ कधीच एकवटले आहेत, आणि आपण कागदावर पत्ता लिहितो तो 'मु. पो.' या अक्षरांनी, म्हणजे आधी थांबलो कोठे हे सांगून. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणाराही आपल्या घराला मुक्कामच म्हणतो.

कंपूचा मुक्काम आता निराळ्या कारणाने लांबतो. येथील जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ मध्ये स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे भिंड, मुरैना, शिवपुरी या जिल्ह्यांतील खेडुताच्या लेखी 'कंपू' म्हणजे दवाखाना. लष्करातील मराठी कुटुंबातल्या वृद्धाच्या मनात त्याच पत्त्याला सरदारांच्या वाड्यांची आणि गणपतीच्या दिवसांची सोबत असते. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मनात तो रात्रपाळीचा रस्ता असतो. नकाशावर बिंदू एकच. हिप्पोकॅम्पसला लागूनच भय आणि ममता यांचे तोलमाप करणारा अमिग्डला हा भाग असून दोहोंमध्ये सतत देवघेव चालते, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच कोपऱ्यावरून जाताना एकाचे पाऊल रेंगाळते आणि दुसऱ्याचे झपाझप का उचलते याचा उलगडा होऊ लागतो. स्थानाचा अर्थ जमिनीवर लिहिलेला नसतो हे खरेच. पण तो हवेतही नसतो, तो त्या जागी पूर्वी काय घडले याला बांधलेला असतो, आणि म्हणून शहरसुधारणेच्या नावाखाली जुन्या मोहल्ल्याचे नाव बदलताना कोणी आधी तेथल्या म्हाताऱ्यांना विचारावे असे मला तळमळीने वाटते.

रुग्णालयाच्या आवारात सायंकाळी रुग्णांचे नातेवाईक उतरतात. एखादी बाई झाडाच्या बुंध्याशी गाठोडे ठेवते, त्याच्या एका बाजूला चादर पसरते, दुसऱ्या बाजूला पाण्याचा डबा, पायथ्याशी चपला. मुलगा औषधे घेऊन परततो तेव्हा गर्दीतून त्याची नजर प्रथम त्या गाठोड्याकडे जाते, आणि मग पाण्याच्या डब्यासाठी त्याचा हात न पाहताच योग्य बाजूला वळतो.