बुडालेली हार्ड डिस्क उन्हात वाळवू नका

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट भागातल्या घरांत पाणी आणि गाळ शिरला. अशा पुरात टेबलाखालचा कॉम्प्युटर सगळ्यात आधी बुडतो. पाणी ओसरलं की गाद्यांशेजारी तोही उन्हात ठेवला जातो आणि दोन-तीन दिवसांनी ‘आता वाळला असेल’ म्हणून बटण दाबलं जातं. पुरातून वाचलेले लग्नाचे फोटो, दुकानाचा टॅलीचा डेटा, कुणाचा तरी प्रबंध, बरेचदा या बटणाने जातो.

पाण्याने डेटा पुसला जातो हा समजच चुकीचा आहे. डिस्कच्या तबकडीवर माहिती चुंबकीय रूपात असते आणि पाणी चुंबकत्व धुऊन नेत नाही. खरा धोका गाळाचा. हार्ड डिस्क हवाबंद असते असं अनेकांना वाटतं, पण हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर बाकीच्यांना हवेचा दाब सारखा राखण्यासाठी बारीक छिद्र असतं. झाकणावर नीट पाहा, त्याच्या शेजारी ‘हे छिद्र झाकू नका’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापलेली दिसेल. आतल्या गाळणीने धूळ अडते, पुराचं पाणी अडत नाही. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. गाळाचा एक कण मधे आला की हेड आपटतं आणि तबकडीवरचा थर खरवडला जातो. तो खरवडलेला भाग जगातली कोणतीही लॅब परत आणू शकत नाही.

म्हणून भिजलेली डिस्क वाळवायचीही नाही. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. तांदळाच्या डब्यात ठेवून आतला चिखल निघत नाही. ओलसर असतानाच ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर जाणकाराकडे पोचवावी. इतक्या वाईट अवस्थेतून काही मिळतं का, असं वाटत असेल तर ‘कोलंबिया’ या अमेरिकी अंतराळयानाचं उदाहरण पाहा. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान कोसळलं. त्यातली एक जळकी डिस्क काही महिन्यांनी टेक्सासमध्ये एका कोरड्या तलावाच्या पात्रात सापडली आणि तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा निघाला. 

पूर न येताही डिस्क जाते. ‘टक-टक’ आवाज येऊ लागला की लोक रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधतात. सॉफ्टवेअर चुकून डिलीट झालेल्या फाइलसाठी असतं. आवाज करणाऱ्या डिस्कचं हेड बिघडलेलं असू शकतं आणि स्कॅन म्हणजे त्याच हेडला तासन्‌तास राबवणं. विंडोजची ‘चेकडिस्क’ तर आणखी घातक, कारण तिचं काम फाइल सिस्टिमची घडी नीट बसवणं, तुमचे फोटो वाचवणं नव्हे. दुरुस्तीच्या नादात ती डिस्कवर लिहूनही टाकते. आवाज नसेल, पण फाइल अडकत उघडत असतील, तर आधी पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन सहज वाचता येणारा भाग आधी उतरवतं आणि अडलेल्या जागांना शेवटी हात लावतं. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून सांगितला जातो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. हा उपाय करूच नये. घरी झाकण उघडणंही नको. तशाच मॉडेलचा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, लावला की डिस्क चालते, ही गोष्ट जुन्या डिस्कबाबत बरीचशी खरी होती. आताच्या पीसीबीवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी साठवलेली असते, ती चिपही हलवावी लागते.

नागपुरात डिस्क गेली की दोष उन्हाळ्यावर येतो. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानात उष्णता वाढली म्हणून डिस्क जास्त बिघडल्या, असं त्यात आढळलं नाही. फरक दिसला तो वरच्या टोकाला, मुख्यतः जुन्या डिस्कमध्ये. अर्थात त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या. बहुतेक कंपन्या साधारण ६० अंशांची मर्यादा देतात आणि मे महिन्यात दुपारी बंद खोलीत, धुळीने पंखा तुंबलेल्या कॅबिनेटमध्ये डिस्क त्या मर्यादेला सहज भिडते. त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं: बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी ‘स्मार्ट’ या स्वतःच्या तपासणीत आधी कसलीच सूचना दिली नव्हती. म्हणजे ‘हेल्थ गुड’ दिसतंय म्हणून दुसरी प्रत ठेवायची नाही, हे धोक्याचं आहे.

एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. तिथे डिलीट केलेली फाइल ‘ट्रिम’ आज्ञेमुळे बहुतेकदा थोड्याच वेळात कायमची जाते, आणि मग मोठमोठ्या लॅबचाही इलाज चालत नाही.

डिस्क कुणाकडे देण्याआधी विचारून घ्यावं: उघडायची झाली तर ती धूळमुक्त जागेत उघडणार का, आधी पूर्ण प्रत काढणार का, काहीच निघालं नाही तर पैसे किती, न उघडलेली डिस्क परत मिळेल का. काढलेला डेटा नव्या डिस्कवर घ्यावा आणि त्यांच्याकडे उरलेली प्रत कधी पुसणार, हे लिहून घ्यावं.