पट्ट्याचा ताण नुसत्या कानावर सोडू नका

जुनी मारुती ८०० असो की २.५ लिटरची डिझेल इनोव्हा, बोनेटखालून शीळ यायला लागली की पहिला आळ टायमिंग बेल्टवर येतो. आवाजावरून फार तर संशय घ्यावा. निकाल लावायचा तो इंजिन बंद आणि थंड असताना, पट्ट्याचा ताण तपासूनच. बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टा उतरवून इंजिन मोजके सेकंद चालवलं (जास्त नको, काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो) आणि शीळ थांबली, तर दोष त्या पट्ट्याचा किंवा त्याच्या बेअरिंगचा. टायमिंग बेल्ट फार कसला असेल तर रेस देताना आवाज चढत जातो, ढिला असेल तर तो कव्हरला फटफट लागतो. पण थोडी थरथर चांगल्या पट्ट्यालाही असतेच. वॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला अडवते, मिटताना पुढे ढकलते, त्यामुळे क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत ताण अनेकदा चढतो-उतरतो.

म्हणून कव्हर काढायचं, क्रँक पान्याने त्याच्याच दिशेने दोन फेऱ्या फिरवायचा आणि दोन पुलींमधला सर्वांत लांब भाग चिमटीत धरून पिळायचा. साधारण ९० अंश वळला तर ठीक, हा जुना नियम. मिस्त्रीचा अंगठा ढिला आणि घट्ट यांतला फरक चोख ओळखतो, याबद्दल वाद नाही. मधला फरक मात्र त्याच्या हाती लागत नाही. तिथे एकतारीचा न्याय लागू पडतो: ताण वाढला की सूर चढतो. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने कंपनसंख्या १० टक्के वाढली तर ताण २१ टक्के वाढलेला असतो. पट्ट्याला टिचकी मारून फोनच्या माइकवर हर्ट्झ मोजता येतात. फक्त इंजिन थंड हवं. धातू तापून फुगतो आणि काचतंतूचा पट्टा तेवढा वाढत नाही, म्हणून गरम इंजिनात ताण जास्त भरतो. वैशाखात नगरहून शेवगावला पळत आलेल्या गाडीचा पट्टा तिथल्या तिथे बेताचा केला, तर सकाळी तो ढिला निघणार. गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगणारा मिस्त्री कामचुकार नव्हे.

सगळ्या कंपन्या हर्ट्झचा आकडा देत नाहीत, ही हरकत खरी आहे. आकडा नसेल तिथे फोनवर विसंबू नये, मॅन्युअलमधली पद्धतच पाळावी. दुसरी हरकत अशी की आता टेन्शनर आपोआप ताण धरतो, मग मोजायचं कशाला? तो धरतो, पण त्याच्या आवाक्यापुरताच. डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्ये टेन्शनरला खुणेचा काटा असतो, तो बसवतानाच बघावा लागतो. इनोव्हाच्या हायड्रॉलिक टेन्शनरमधून तेल झिरपत असेल तर नवा पट्टाही सैल पडेल. डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा दिवा किलोमीटर मोजतो, ताण नव्हे. डिझेल इंजिनात काही दात सरकले की वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. तेव्हा बेल्ट बदलताना टेन्शनर, आयडलर आणि त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर पाण्याचा पंपही सोबतच बदलून घ्या. मजुरी एकदाच पडते.