फार्मसीचा विद्यार्थी वॉर्डात जाण्याआधी

आपण इंजिनिअर होणार, मग फार्मसीशी आपला काय संबंध, असं वाटेल. पण आपल्या आजीचं औषध फार्मासिस्टच्याच हातून येतं ना!

डी.फार्म.च्या विद्यार्थ्यांना ५०० तासांचं ट्रेनिंग करावं लागतं. त्यातले निदान २५० तास प्रिस्क्रिप्शनप्रमाणे प्रत्यक्ष औषधं देण्याचे. २००८ साली सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी. कोर्सला तर शेवटचं वर्ष इंटर्नशिपचंच. प्रश्न हा, की तिथे पाय ठेवण्याआधी विद्यार्थी तयार आहे का, हे ओळखायचं कसं?

तास मोजून फक्त हजेरी कळते. लेखी पेपरचंही तसंच. समजा, दहा किलोचं बाळ आहे आणि डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहिलंय. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असेल तर ६ मिलिलिटर द्यायचं, २५० असेल तर ३. पेपरात हे गणित सगळ्यांना जमतं. पण काउंटरवर गर्दी, बाळ रडतंय, आई म्हणते, "भाऊ, मागच्या वेळी सहा दिलं होतं," आणि हातात बाटली २५० ची! झाला ना डोस दुप्पट?

यासाठी 'ऑस्की' नावाची पद्धत आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ती डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसाठी मांडली. आता फार्मसीतही वापरतात. ओळीनं टेबलं मांडलेली, बेल वाजली की पुढच्या टेबलावर जायचं. एकीकडे संधिवाताचं प्रिस्क्रिप्शन. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची, पण लिहिलंय रोज. विद्यार्थी डॉक्टरांना विचारतो, की गोळ्या देऊन मोकळा होतो? दुसरीकडे इनहेलर वापरून दाखवायचा. तिसरीकडे यावल-रावेरकडची लेवा बोली बोलणारी 'पेशंट' आजी. तिला औषध कधी घ्यायचं ते समजावून तिच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं.

परीक्षकाकडे ठरलेली चेकलिस्ट असते, त्यामुळे आपल्या व्हायवासारखं एक्स्टर्नलच्या मूडवर सगळं नसतं. मात्र जीवघेणी चूक झाली तर ती बाकीच्या मार्कांनी भरून निघू नये, हा नियम हवाच. ही परीक्षा ट्रेनिंगच्या आधी घेतली, तर चूक टेबलावरच राहते आणि काय शिकायचं राहिलंय तेही कळतं. अर्थात नाटकातला पेशंट वेगळा, खरा वेगळा. म्हणून पास झाल्यावरही सुरुवातीला शेजारी अनुभवी फार्मासिस्ट पाहिजे.

भुसावळकरांना यात नवीन काय? आपल्याकडे लोको पायलटलाही अनोळखी मार्गावर आधी 'रोड लर्निंग' करावं लागतं, मगच गाडी ताब्यात मिळते. गोळ्यांच्या काउंटरलाही तोच नियम लावायला काय हरकत आहे?